फक्त शेवटचा निरोप ठेव

उजाडता उजाडता पडद्यावर ठिपका उमटला आणि वेलिननं टेबलावर हात आपटला. दाराच्या उंबऱ्यावर बसून डोळे लाल झालेली तिची आई, नानाय पेतांग, धडपडत आत आली.

"कुठंय?"

"हा. हा बघ. तातायची होडी."

निळ्या नकाशावर, गावाच्या बऱ्याच वर उत्तरेला, एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. मिनिटाला एकदा मोठा व्हायचा, पुन्हा लहान. नानायनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोट लावून क्रूस केला, मग तेच बोट ठिपक्यावर टेकवलं.

"मेल्या, जीव काढलास की रे," ती ठिपक्याला म्हणाली. आणि वेलिनकडे वळून, "पेज टाकते. उपाशी येईल."

ताताय, म्हणजे वेलिनचा बाप सियानो, आदल्या दिवशी दुपारी होडी घेऊन गेला होता. संध्याकाळी अचानक हाबागात उठला. नैर्ऋत्येचा हा वारा पावसाळ्यात असा न सांगता येतो, त्याचं कुणाला नवल नाही; पण कालचा फारच चिडलेला होता. गावच्या होड्या एकेक करून, इंजिनं खोकत, काठाला लागल्या. दोन राहिल्या. एक सियानोची, एक बादोंगची. तेव्हापासून नकाशा कोराच होता. लांबच्या पाण्यात सिग्नल नसतोच, त्यामुळे कोऱ्या नकाशाचा अर्थ काहीही होऊ शकत होता. आता ठिपका दिसला म्हणजे होडी सिग्नलमध्ये आली. म्हणजे होडी आहे.

होड्यांवरच्या पेट्या वेलिननंच बनवल्या होत्या. ती इलोइलो शहरात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. नवरा मालवाहू जहाजावर, सहा-आठ महिने तोंड दिसायचं नाही. इस्सा झाल्यावर एकटीला झेपेना, म्हणून लेकीला घेऊन ती माहेरी आली, आणि आल्यावर हात स्वस्थ बसेनात. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात तळहाताएवढा संगणक, वर सूर्यावर चालणारी पट्टी, सिग्नल पकडणारी काडी. पेटी मिनिटाला एकदा सांगणार: मी इथं आहे, ठीक आहे. घरातला संगणक ते ऐकणार आणि नकाशावर ठिपका लावणार. शिवाय जवळपासच्या होड्यांच्या पेट्या बिनतारी एकमेकींचंही ऐकायच्या.

हे सगळं बोलणं चालायचं सी भाषेत लिहिलेल्या एका लायब्ररीच्या जिवावर. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी लिहून, वर्षानुवर्षं घासूनपुसून, कुणीही घ्यावा म्हणून ठेवलेला कोड. आपल्या प्रोग्रॅमला तो जोडायचा आणि सांगायचं, हा निरोप तिकडे पोचव. पलीकडचा झोपला असेल, वाट तुटली असेल, तर निरोप रांगेत धरून ठेवायचा, वाट जुळली की पाठवायचा, हे सगळं ती बघते. वेलिनला ती फार आवडायची. थोडक्यात बोलणारी, कामाची, गाजावाजा नाही.

तातायला तिनं एकदा समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे टपालवाला," तो म्हणाला.

"तसाच."

"पगार किती?"

"पगार नाही. फुकट."

"मग बघ, एक दिवस पत्रं खाडीत टाकून घरी जाईल तो."

सुरुवातीला भलतीच फजिती झाली होती. होड्या दिवसभर सिग्नलबाहेर, निरोप रांगेत साठत राहायचे, आणि सिग्नल मिळाला की सगळेच्या सगळे एकामागून एक येऊन आदळायचे. होडी धक्क्याला लागून मासळी विकून झाली तरी नकाशावरची होडी अजून समुद्रात रमतगमत चाललेली. बादोंगनं तर बाजारात सगळ्यांसमोर ऐकवलं, "इंदाय, पोरी, तुझ्या नकाशात मी अजून कालचा भात खातोय. जरा लवकर आटपायला सांग मला."

लोक हसले, वेलिनही हसली, आणि घरी येऊन तिनं एक ओळ लिहिली. लायब्ररीत तशी सोयच होती: रांगेत फक्त शेवटचा निरोप ठेव, नवा आला की जुना टाकून दे. होडी आत्ता कुठं आहे हेच तर हवं होतं. ती मघाशी कुठं होती याचं काय लोणचं घालायचंय? ओळ घातली आणि ठिपके ताजेतवाने झाले. त्या रविवारी बादोंगनं भाजलेला मोठा मासा आणून दिला. लाल बटण त्यानंतर बसवलं. संकटात दाबायचं. धक्क्यावर उभं राहून तिनं प्रत्येक पेटीचं बटण दाबून पाहिलं होतं, घरात पडदा दर वेळी लाल झाला होता. तातायनं तर पोरासारखं उगाचच चार वेळा दाबलं आणि वर म्हणाला, "बघू बरं, तुझी आई धावत येते का."

आता पडद्यावर लाल नव्हतं. हिरवा होता.

सकाळीच तटरक्षक दलाचा सुमागायसाय आला. पोरगेलासा, गणवेशाची बाही भिजलेली, डोळ्यांवर झोप. नानायनं त्याच्या हातात कॉफीचा पेला कोंबला.

"मॅडम, आज आमच्याकडे एकच बोट मोकळी आहे," तो वेलिनला म्हणाला. "बाकीच्या खाली दक्षिणेला गुंतल्यात. काका मासेमारीला नेमके कुठं जातात?"

"पायावपाशी." लांब खोल पाण्यात नांगरून ठेवलेला तो बांबूचा तराफा सियानो आणि बादोंगनं मिळून बांधला होता, खाली सोडलेल्या झावळ्यांच्या सावलीला मासे जमतात. तिनं नकाशावर जागा दाखवली. नैर्ऋत्येला, पार टोकाला.

"आणि ठिपका आहे वर उत्तरेला." त्यानं पेला खाली ठेवला. "दोन्हीकडे जायला दिवस पुरायचा नाही, समुद्र अजून खवळलेला आहे. आधी कुठं जाऊ?"

"ठिपक्याकडे," वेलिन म्हणाली. तिला विचार करावाच लागला नाही. "होडी तिथं आहे."

"इंजिन चालू दिसतंय का?"

"ते नाही कळत. बंद पडलं असेल, वाहत चालला असेल. पण काही वाईट झालं असतं तर त्यानं लाल दाबलं असतं. लाल आलेलं नाही."

"नक्की?"

"लाल आलेलं नाही," ती पुन्हा म्हणाली.

सुमागायसायचे खांदे सैल पडले. दारात जमलेल्या बायांनी ते वाक्य उचललं आणि गल्लीतून पार चर्चपर्यंत नेलं. लाल आलेलं नाही. सियानो ठीक आहे. एकीनं नानायला चिमटा काढला, "चांगला बदड त्याला आला की." नानाय म्हणाली, "आधी जेवू घालीन, मग बदडीन. उपाशी माणसाला मारून काय मजा?"

दुपारपर्यंत घरात जवळजवळ सण होता; बादोंगचा ठिपका अजून उमटला नव्हता, तेवढीच काळजी. नानायनं तुरीचे दाणे, डुकराचं मटण आणि कोवळा फणस घालून मोठं पातेलं चढवलं. सियानोला ते इतकं आवडायचं की तो पातेल्यापाशीच पाट मांडून बसायचा. इस्सा खुर्चीवर चढली, पडद्यावरच्या ठिपक्याला तिनं बोट लावलं आणि आजोबाला हाक मारली, "लोलो."

"हो, लोलो," वेलिन म्हणाली. "लोलो घरी येतोय."

"लोलो लुकलुक."

वेलिननं तिला मांडीवर घेतलं, भात कालवून एकेक घास भरवला, आणि भरवता भरवता तिची नजर पडद्यावरून हलेना. ठिपका सरकत होता. फार सारखा सरकत होता. इंजिनाची होडी अशी जात नाही. माणूस हातात वल्हं घेऊन बसला तरी होडी थोडी वाकडी जाते, अडते, पुढे होते. हा ठिपका पाण्यावर पडलेल्या नारळासारखा चालला होता. तातायच्या हातात वल्हं नाही असं तिच्या मनात आलं. मग आलं की दमला असेल, आडवा झाला असेल. मग तिनं इस्साचं तोंड पुसलं आणि तो विचार तिथंच ठेवला. लाल आलेलं नव्हतं. लाल आलं असतं तर पडदा लाल झाला असता. हे तिनं स्वतः लिहिलं होतं, स्वतः तपासलं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा फोन आला. वेलिननं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, चांगली बातमी सगळ्यांनी एकदम ऐकावी म्हणून.

"मॅडम," सुमागायसायचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "होडी सापडली. तोल सांभाळणारी उजवी उलांडी मोडलीय, अर्धं पाणी भरलंय. पेटी चालू आहे. माणूस नाही."

नानाय पुढे झाली आणि फोनला नाही, पडद्याला म्हणाली, "पण लुकलुकतोय ना!"

"नानाय," वेलिन म्हणाली, "ती पेटी आहे."

"तूच म्हणालीस ना, ठीक आहे म्हणून सांगतोय?"

"पेटी सांगते. पेटी ठीक आहे."

"पेटी जिवंत आणि माणूस नाही? असं कसं होईल?" नानायनं ओट्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, जणू तिथं कुणी या प्रश्नाचं उत्तर देईल. "असं कसं बनवलंस तू?"

तेवढ्यात बादोंग आला. खाली कुठल्याशा गावाच्या काठावर त्याची होडी फेकली गेली होती, तिथून तो मिळेल त्या गाडीनं, अनवाणी, कुणाचा तरी ढगळ शर्ट घालून आला होता. फोन समुद्रात गेलेला, पेटी भिजून बंद पडलेली. त्याची बायको त्याच्या गळ्यात पडून रडत होती आणि तो तिला थोपटत, हसत, दमलेल्या आवाजात विचारत होता, "अगं, मी आलोय ना, रडतेस काय? सियानो आला का? कुठल्या दवाखान्यात नेलाय?"

"दवाखान्यात?" वेलिन उठून उभी राहिली. "मानोंग, दादा, दवाखान्यात कशाला?"

"तटरक्षकांनी काढला ना त्याला? काल संध्याकाळी?"

"काल?"

बादोंगचं हसू हळूहळू उतरलं. "लाल वाजलं ना त्याचं. आम्ही पायावपाशीच होतो. पाऊस असा की हात दिसेना. मी लांब फेकला गेलो होतो, पण माझ्या पेटीवर त्याचं लाल वाजायला लागलं. टी टी टी. म्हटलं, झालं, आता इंदायला कळलं, ती माणसं पाठवील. माझं इंजिन पाणी प्यायलेलं, मी काय करणार होतो? वारा नेईल तिकडे गेलो. पण मला घोर नव्हता, इंदाय. लाल वाजलं होतं ना."

"लाल आलं नाही, मानोंग."

"मी या कानांनी ऐकलं."

वेलिन उभीच होती. बादोंगचं तोंड हलताना दिसत होतं, बायका काही विचारत होत्या, इस्सा तिचा परकर ओढत होती. आणि तिला पायावपाशी सिग्नल नाही हे दिसत होतं. तातायनं बटण दाबलं. लाल निरोप निघाला, बादोंगच्या पेटीला बिनतारी थेट ऐकू आला. किनाऱ्याची वाट बंद होती, म्हणून तो रांगेत थांबला. थांबायलाच हवा होता. मग मिनिट झालं. पेटीनं शहाण्यासारखा आपला नेहमीचा निरोप पाठवला: मी इथं आहे, ठीक आहे. आणि रांगेनं तिला जे सांगितलं होतं तेच केलं. फक्त शेवटचा निरोप ठेव. नवा आला की जुना टाकून दे.

लायब्ररी चुकली नव्हती. धक्क्यावर, जिथं सिग्नल भरपूर, जिथं कुणी कधी बुडत नाही, तिथं उभं राहून वेलिननं बटणं तपासली होती.

तिनं फोन उचलला. दोनदा नंबर चुकला, तिसऱ्यांदा बादोंगनं लावून दिला.

"पायावकडे जा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. लाल आलं होतं. माझ्या प्रोग्रॅमनं फेकून दिलं. माझी चूक आहे, तो तिथं आहे, कालपासून तिथं आहे—"

"जागा पुन्हा सांगा," सुमागायसाय म्हणाला. एवढंच. त्यानं दुसरं काही विचारलं नाही, याबद्दल वेलिनला पुढे त्याचे पाय धरावेसे वाटत.

पण उत्तरेच्या टोकापासून नैर्ऋत्येच्या टोकापर्यंत जायचं होतं, वारा तोंडावर होता.

त्यांनी सियानोला दुसऱ्या दिवशी सकाळी आणलं. तो पायावलाच होता. होडीच्या दोरानं त्यानं स्वतःला बांबूंना बांधून घेतलं होतं, कमरेला आणि काखेतून, कोळ्याच्या पक्क्या गाठींनी. त्या सुटेनात, कापाव्या लागल्या. लाटांना तराफा हलवता आला, पण त्याला त्यावरून काढता आलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं सुमागायसायला बाजूला घेऊन सांगितलं आणि सुमागायसायनं मान खाली घालून वेलिनला. कालची दुपार सियानोनं पाहिली असावी. कदाचित तिन्हीसांजही.

म्हणजे पातेलं चुलीवर होतं तेव्हा. म्हणजे इस्सा बोट लावून लोलो म्हणत होती तेव्हा.

सकाळी बोट सरळ पायावकडे गेली असती तर, हा हिशेब कुणीही तोंडानं मांडला नाही. मांडायची गरजच नव्हती.

घरात शवपेटी ठेवली, दिवे लावले, बाया रोझरी म्हणायला बसल्या. नवऱ्याचा फोन जहाजावरून आला. वाट तुटत होती, तो "वेलिन, वेलिन" एवढंच म्हणत राहिला. गावात कुणी वेलिनला टाकून बोललं नाही असं नाही. पाण्याच्या नळावर एकीनं म्हटलं, "आमचे म्हातारे ढग बघून घरी यायचे. आता डब्याला विचारतात." बोललेलं ऐकू येईल असंच बोलली होती. वेलिननं घागर भरली आणि घरी आली. तिला ते बोलणं बरं वाटलं. निदान कुणी तो दोष तिच्या हातात दिला होता.

नानाय बोलत नव्हती. पाहुण्यांना बसवत होती, पेले धूत होती, इस्साला झोपवत होती. वेलिन समोर आली की तिची नजर भिंतीवर जायची. नऊ दिवसांची प्रार्थना संपली, लोक पांगले, आणि त्या दुपारी नानाय शेंगा सोलायला बसली. वेलिन बाजूला बसून सोलू लागली.

"मला समजेल असं सांग," नानाय एकदम म्हणाली. "काय झालं ते. यंत्राचे शब्द नकोत."

वेलिननं सांगितलं. न थांबता, काही न लपवता.

"म्हणजे त्याचा निरोप निघाला होता," नानाय म्हणाली.

"हो."

"आणि वाटेत थांबला."

"हो. आणि मागून दुसरा आला, त्यानं त्याला ढकलून दिलं."

"मागून कुणाचा आला?"

"पेटीचाच. सगळं ठीक आहे म्हणणारा."

नानायनं शेंग सोलली. दाणे पातेल्यात पडले. "तो पोहत येऊ शकला असता असं बादोंग म्हणतो. होडीचा तुकडा धरून, वाऱ्याबरोबर. तूसुद्धा मनात म्हणत असशील, पायावला का बांधून घेतलं म्हणून."

वेलिननं पुढची शेंग उचलली.

"तू त्याला सांगितलं होतंस. बटण दाबलं की जागा सोडायची नाही. जिथं दाबलं तिथंच माणसं येणार. तो घरी येऊन मला म्हणाला होता, पेतांग, पोरगी म्हणते लाल दाबलं की हलायचं नाही." तिचा आवाज तोवर सरळ होता, आता तो मध्येच तुटला. "जन्मभर त्यानं कुणाचं ऐकलं नाही, वेलिन. माझं नाही, पाद्र्याचं नाही, डॉक्टरचं नाही. तुझं ऐकलं."

वेलिननं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नानायनं हात ठेवला नाही, पण गुडघा काढूनही घेतला नाही.

"मी त्याचे हात पुसले," नानाय म्हणाली. "दोरानं सोलून निघाले होते. किती वेळ धरून बसला असेल ते मला कुणी सांगायला नको. तूही सांगू नकोस." आणि आणखी एक शेंग सोलून, "आज माझ्यानं तुझ्याकडे बघवत नाही, इंदाय. उद्याचं मला माहीत नाही. ऊठ, जेवून घे."

समुद्र काही थांबत नाही. बादोंगनं होडी दुरुस्त केली आणि एका सकाळी पेटी काखेत मारून तो दारात उभा राहिला.

"तुम्हाला ही अजून हवी आहे?" वेलिननं विचारलं.

"मला नाही, माझ्या बायकोला हवी आहे," तो म्हणाला. "ती म्हणते, पेटीशिवाय गेलास तर परत येऊ नकोस. आता पेटीबरोबर गेलं तरी परत येता येत नाही, हे तिला कोण सांगणार?" बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. "माझ्या तोंडाला हाड नाही, इंदाय."

"नाही मानोंग. बरोबर बोललात."

ती बसली. ती एक ओळ शोधायला वेळ लागला नाही. ठिपक्यांसाठी तिनं ती तशीच ठेवली. लालला वेगळी वाट दिली. तिथं कुणी कुणाला ढकलणार नाही, किनाऱ्यानं "पोचला" म्हणून उत्तर पाठवेपर्यंत पेटी निरोप सोडणार नाही, आणि उत्तर आलं तरच बटणाजवळचा दिवा हिरवा होईल. म्हणजे समुद्रातल्या माणसाला कळेल की ऐकलं की नाही. हे करायला तिला इस्साच्या एका दुपारच्या झोपेएवढा वेळ लागला. एवढंच होतं ते. एवढ्याचसाठी तिनं पडद्यावर डोकं आपटून घेतलं असतं, पण पोरगी जागी झाली असती.

"तपासायचं कुठं?" बादोंगनं विचारलं. "धक्क्यावर?"

"नाही. पायावपाशी."

बादोंगनं पेटी पुन्हा काखेत मारली. मग म्हणाला, "उद्या वारा बरा आहे."

कुणीतरी पडद्यापाशी बसायला हवं होतं. वेलिन शेजारणीला विचारायला निघाली तेव्हा ओट्याकडून, तिच्याकडे न वळता, नानाय म्हणाली, "मी बसते."

"नानाय, ही नुसती चाचणी आहे. लाल दिसलं तर घाबरू नकोस. मीच दाबणार आहे."

"मला कळतं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पायाव तिथं होता. कापलेल्या दोराचा एक तुकडा अजून बांबूला होता, पाण्यात वरखाली होत. बादोंगनं इंजिन बंद केलं आणि टोपी काढली. वेलिननं बटणावर अंगठा ठेवला. घरी बसून तिनं हे बटण किती वेळा कल्पनेत दाबलं होतं. इथं ते दाबायला फार जोर लागला. दाबलं. पेटी वाजली, दिवा लाल झाला आणि लालच राहिला.

काही झालं नाही.

चहूकडे पाणी. मिनिट गेलं, पेटीनं आपला नेहमीचा निरोप टाकला. अजून एक. दिवा लालच. वेलिननं वळून किनाऱ्याकडे पाहिलं, किनारा नव्हता. आपण दाबलंय आणि कुणी ऐकलंय की नाही ते ठाऊक नाही, एवढंच त्या जागेवर होतं, दुसरं काहीच नव्हतं. ती बांबूंकडे बघू लागली आणि तिला बघवेना.

"चला, मानोंग," ती म्हणाली. "चला, चला."

बादोंगनं दोरी ओढून इंजिन चालू केलं. बराच वेळ होडी पाणी कापत राहिली. डोंगराची निळी रेघ वर आली, मग तिला झाडं फुटली. आणि अचानक, काही वाजलंबिजलं नाही, दिवा हिरवा झाला. पाठोपाठ वेलिनच्या कमरेचा फोन थरथरला.

"वेलिन."

"हां, नानाय. आला का?"

पलीकडे मागे इस्सा काहीतरी बडबडत होती.

"लाल आलंय," नानाय म्हणाली. "पायावपाशी."

"हो नानाय, बरोबर. तीच चाचणी, मी मघाशी—"

"पायावपाशी थांबलाय तो." नानायचा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता, कोवळा, घाईघाईचा, कुणा तरुण बायकोचा होता. "हलणार नाही तिथून. जा गं लवकर. जा ना, वेलिन."

बादोंगनं इंजिन बंद केलं होतं. तो पाठ करून दोर गुंडाळत बसला. गुंडाळून झालेला सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. वेलिननं फोन कानाशी घट्ट धरला, आणि आवाज जेवढा सरळ ठेवता आला तेवढा ठेवून म्हणाली,

"निघाले, नानाय."